‘चंद्रराव’ : जावळीच्या एका लुप्त किताबाची हकीकत

विलायतेंत सरदारघराण्यांच्या वंशावळी छापणें हा एक मोठाच उद्योग आहे. बर्क या ग्रंथकारानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हयात घराण्यांची जंत्री तर सिद्ध केलीच. पण जीं घराणीं नामशेष झालीं, ज्यांचे किताब धारण करावयास कोणी पुरुष उरला नाहीं, त्यांचींहि स्वतंत्र बाडें त्यानें तयार केलीं. मेलेल्या माणसांचे मृत्युलेख आपणांस परिचित आहेत. मेलेल्या किताबांचे मृत्युलेख ही कल्पना मात्र आपल्या वाचकांस जरा चमत्कारिक वाटेल. तसा ग्रंथ कोणीं महाराष्ट्रापुरता लिहावयास घेतला, तर त्याच्या आरंभींच्या पानांत जावळीच्या ‘चंद्रराव’ या किताबास जागा द्यावी लागेल. सुमारें दीडशें वर्षें हा किताब एका घराण्यांत नांदला आणि १६५६ सालीं तो संपला. मोऱ्यांचें कुळ कांहीं त्याबरोबर संपलें नाहीं. तें आजहि सातारा व रायगड जिल्ह्यांत गांवोगांव पसरलेलें आहे. संपला तो किताब. माणसें राहिलीं आणि नांव गेलें, ही या हकीकतीची विशेष गोष्ट.

प्रथम तो मुलूख डोळ्यांपुढें आणला पाहिजे, कारण हा किताब त्या मुलखाच्या कुशींतच वाढला. महाडाहून सावित्रीच्या कांठाकांठानें पोलादपुरास गेलें आणि तेथून आंबेनळीचा घाट चढूं लागलें, म्हणजे सह्याद्रीची भिंत एकदम अंगावर येते. हा घाटरस्ता इंग्रजी अमदानींतला. त्यापूर्वीं वर जाण्याची मोठी वाट म्हणजे पारघाटाची. वाईकडील माल पारघाटानें उतरून पोलादपुरावरून महाडच्या बंदरांत येई आणि तेथून सावित्रीच्या खाडीनें बाणकोटाकडे जाई. कोंकणांतील माल त्याच वाटेनें उलट वर चढे. या वाटेच्या माथ्यावर, कोयनेच्या उगमाजवळच्या निबिड अरण्यांत जावळी. परमानंदानें ‘शिवभारतां’त तिला ‘जयवल्ली’ असें गोड नांव दिलें आहे. पण जागा गोड नव्हती. दिवसाहि ऊन जमिनीस लागूं नये अशी झाडी, आणि दरींत उतरलेल्या फौजेस वाटाड्याच्या मर्जीवांचून बाहेर पडण्याची सोय नाहीं. खालीं महाडच्या बाजूस रायरीचा डोंगर, शिवथरचें खोरें, कांगोरीचा मंगळगड. पोलादपुराच्या पोटांत ढवळ्याचा चंद्रगड. हा सारा टापू जावळीच्या छत्राखालीं होता. जो जावळींत बसेल त्याच्या हातीं घाटमाथा व बंदर यांमधील दार असे.

या दारावर मोरे कसे येऊन बसले, हें ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत सांगितलें आहे. मूळ पुरुष हा कर्नाटकांतील एका राजाच्या पदरचा नाईक. विजापूरच्या यूसुफ आदिलशहानें त्याला बारा हजार हिंदु पायदळाची सरदारी देऊन नीरा व वारणा या नद्यांमधील डोंगराळ प्रदेश जिंकण्यास पाठविलें. त्यानें तेथून शिर्क्यांस हुसकून लावलें. गुजर, मोहिते, महाडिक वगैरे घराण्यांची पुंडाई मोडली. आणि याबद्दल बादशहानें त्यास ‘चंद्रराव’ हा किताब दिला. त्याचा मुलगा यशवंतराव परिंड्याजवळ बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेशीं लढतांना शत्रूचें हिरवें निशाण घेऊन आला. तेव्हां बापाची जागा त्यास कायम झाली व तें जिंकलेलें निशाण आपलें म्हणून मिरविण्याची परवानगी मिळाली. पुढें सात पिढ्या या घराण्यानें विजापुरास नाममात्र खंडणी भरून जावळीवर अंमल केला. मोरे हें नांव मौर्यांवरून आलें व ‘चंद्रराव’ या किताबांत चंद्रगुप्ताची छाया आहे, असें कित्येक कुलाभिमानी मंडळी सांगतात. कुलाभिमानास आमची हरकत नाहीं. परंतु किताब विजापुरच्या शिक्क्याखालीं मिळाला ही गोष्ट त्यामुळें झांकत नाहीं, आणि पुढील सारें प्रकरण त्या शिक्क्याशींच येऊन ठेपतें.

आतां या किताबाचा खरा विशेष पाहूं. पुष्कळ किताब नांवाच्या मागें-पुढें लागतात. ‘चंद्रराव’ हा किताब नांवालाच गिळून टाकी. गादीवर जो बसे त्याचें पाळण्यांतलें नांव कांहींहि असो, दप्तरांत, पत्रांत व लोकांच्या तोंडीं तो चंद्ररावच होई. म्हणूनच त्या घराण्यांतील पुरुषांची संगति लावतांना इतिहासकार अद्यापि एकमेकांशीं भांडतात. एकाच चंद्ररावास कोणी यशवंतराव म्हणतो, कोणी कृष्णाजी. ही प्रथा आपणांस वाटते तितकी दुर्मिळ नाहीं. मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांना १८५७ सालीं इंग्रज सरकारनें वंशपरंपरेची ‘बॅरोनेट’ ही पदवी दिली. ती मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढें १८६० च्या कायद्यानें असें ठरलें कीं, जो जो वारस ही पदवी घेईल त्यानें आपलें नांव टाकून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेंच नांव धारण करावें. आणि त्यांचे चिरंजीव खरशेटजी हे बापामागून जमशेटजी झाले. पारशी सावकाराच्या पेढीस व जावळीच्या देशमुखास एकच युक्ति सुचली. नांव तेंच राहिलें म्हणजे माणूस मेला हें बाहेरच्यांस जाणवत नाहीं. येणें-देणें, दरारा व लौकिक अखंड चालूं राहतो. चंद्रराव मरत नसे. मरे तो एक मोरे. आणि दुसऱ्या दिवशीं चंद्रराव पुनः गादीवर असेच.

असल्या अमर माणसालाहि मरणाची एक वाट असते, ती म्हणजे वंश खुंटणें. ती वेळ जावळीवर १६४८ च्या सुमारास आलीच. दौलतराव मोरे हा चंद्रराव निपुत्रिक वारला. त्याच्या विधवेनें, माणकाईनें, महाडच्या बाजूस असलेल्या शिवथरच्या मोऱ्यांपैकीं एक मुलगा दत्तक घेतला व तोच नवा चंद्रराव झाला. या दत्तविधानास शिवाजी महाराजांचें पाठबळ होतें. जावळीचें दार आपल्या उपकाराखालीं असलेल्या माणसाच्या हातीं असावें, हा हेतु उघडच दिसतो. त्याच सुमारास, १६४९ मध्यें, अफझलखान वाईचा सुभेदार होऊन आला होता व त्याचीहि नजर जावळीवर होती.

येथें क्षणभर जावळी सोडून विलायतेकडे वळणें अस्थानीं होणार नाहीं. इंग्रज सरदारांच्या कायद्यांत दत्तकास किताब मिळत नाहीं. औरस पुरुषसंतति नसली कीं किताब मेला. हाच न्याय लॉर्ड डलहौसीनें आपल्या संस्थानांस लावला. १८४८ सालीं साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनीं मरणसमयीं घेतलेला दत्तक त्यानें नामंजूर केला आणि सातारचें राज्य खालसा झालें. ज्या राज्यांत त्या वेळीं जावळीहि होती. पुढल्याच वर्षीं, १८४९ त, पंजाब जिंकल्याबद्दल याच डलहौसीस ‘मार्क्विस’ ही नवी वंशपरंपरागत पदवी मिळाली, आणि तींत पंजाबचें नांवहि गोंवलें गेलें. १८६० च्या डिसेंबरांत तो वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. वडिलार्जित अर्लपद एका चुलत नातलगाकडे गेलें; परंतु स्वतः मिळविलेली मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबरच मातींत गेली. अकरा वर्षें तिचें आयुष्य. जो कायदा त्यानें सातारकरांच्या गळ्याला लावला तोच त्याच्या घरीं येऊन बसला, आणि तेथें दत्तक घेऊन दाद मागण्याचीहि सोय नव्हती. जावळीची माणकाई या बाबतींत गव्हर्नर-जनरलापेक्षां अधिक भाग्यवान् म्हटली पाहिजे. तिच्या दत्तकानें आठ वर्षें तरी चंद्रराव जगविला.

परंतु जगविलेला चंद्रराव उपकार विसरला. शिवाजी महाराजांच्या मुलखांतून पळालेल्या अपराध्यांस जावळींत आसरा मिळूं लागला. शेजारच्या वतनदारांच्या हक्कांवर त्याचा हात पडूं लागला. तथापि या सर्व कज्ज्यांहून अधिक मुळाशीं जाणारा वाद मोऱ्यांच्या बखरींत आला आहे. बखरकार सांगतो कीं, महाराजांनीं चंद्ररावास लिहिलें, तुम्ही आपणांस राजे म्हणवितां तें सोडा. राजे आम्ही आहों, आम्हांस हें राज्य शंभूनें दिलें आहे. त्यावर चंद्ररावानें उलट विचारलें कीं, तुम्ही कालपरवां राजे झालां, तुम्हांला हें कोणीं दिलें? आमचा राजेपणाचा किताब, मोर्चेल व सिंहासन हीं श्रीमहाबळेश्वराच्या कृपेनें बादशहानें मेहेरबान होऊन दिलेलीं आहेत. ही बखर मागाहून लिहिली गेली; तेव्हां हीं पत्रें अक्षरशः अशींच गेलीं-आलीं असें धरून चालण्याचें कारण नाहीं. पण बखरकारास भांडणाचें मर्म अचूक कळलें होतें. दोघेहि देवाचें नांव घेतात; मात्र एकाचा देव बादशहाच्या हातून देतो, दुसऱ्याचा प्रत्यक्ष देतो. चंद्ररावाच्या बाजूनें पाहिलें तर त्याचा प्रश्न कायदेशीर होता. सनद दाखवा, एवढेंच त्याचें म्हणणें. त्याच्याजवळ ती होती, आणि शहाजीराजांच्या मुलाजवळ त्या वेळीं तशी कोणतीच नव्हती. आजच्या कोणत्याहि वकिलानें मोऱ्याचाच पक्ष घेतला असता.

निकाल १६५६ च्या जानेवारींत लागला. जावळी पडली, चंद्रराव रायरीवर आश्रयास गेला आणि वैशाखांत, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, रायरीहि महाराजांच्या हातीं आली. चंद्ररावाचा अंत कसा झाला याविषयीं साधनांचें एकमत नाहीं. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो कीं, रघुनाथ बल्लाळ यास पाठवून चंद्ररावास मारविलें, आणि त्याचा भाऊबंद हणमंतराव यास संभाजी कावजीनें सोयरिकीच्या बोलण्याच्या मिषानें गांठून ठार केलें. जेधे शकावली, जी लोकमान्य टिळकांच्या हातीं येऊन १९१६ सालीं प्रसिद्ध झाली, ती मात्र सरळ जावळी घेतल्याची नोंद देते व सिळिमकरांच्या मध्यस्थीनें चंद्रराव रायरीवरून खालीं उतरल्याचें सांगते. जदुनाथ सरकारांनीं हत्येची हकीकत ग्राह्य मानून महाराजांवर ठपका ठेवला. आपल्याकडील कित्येक संशोधकांनीं ती अग्राह्य ठरविण्यासाठीं पुष्कळ शाई खर्च केली. आम्हांस या वादांत एक गोष्ट लक्षांत ठेवावीशी वाटते. हत्येची हकीकत कोणा शत्रूनें पसरविलेली नाहीं. ती महाराजांच्या दरबारांतील त्यांच्या भक्तानें लिहिली आहे, आणि तींत त्याला लाजण्यासारखें कांहीं वाटलेलें नाहीं. तेव्हां तिला केवळ निंदा म्हणून बाजूस सारतां येत नाहीं, आणि शकावलीच्या नोंदीहि दुर्लक्षितां येत नाहींत. हणमंतरावाच्या बाबतींत सभासदाचा शब्द खरा मानावा व चंद्ररावाच्या बाबतींत शकावलीचा, असें आमचें मत झालें आहे.

पण चंद्रराव कसा मेला याहून त्याच्यामागून कोणी चंद्रराव झाला नाहीं हें अधिक महत्त्वाचें आहे. महाराजांना दुसरा एखादा मोरे हाताशीं धरून गादीवर बसवितां आला असता. सात-आठ वर्षांपूर्वीं त्यांनीं तेंच केलें होतें. त्याचा अनुभव काय आला हें वर सांगितलेंच. किताब एकच असल्यामुळें नवा माणूस जुन्या माणसाच्याच पादुकांत पाय घाली. त्याला बळ देणारा विजापूरचा शिक्का, तेव्हां त्याची निष्ठाहि त्याच दिशेला वळे. माणूस बदलून हें दुखणें बरें होण्यासारखें नव्हतें. जावळी खालसा झाली. त्याच वर्षीं महाराजांच्या आज्ञेनें मोरोपंत पिंगळ्यांनीं भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगडाचें काम हातीं घेतलें, आणि पारघाटाच्या दारावर चंद्ररावाच्या ठिकाणीं किल्लेदार व सबनीस आले. यांपैकीं कोणाचीहि जागा वंशपरंपरेची नव्हती.

ज्याचा किताब जातो तो मात्र तो गेला असें मानावयास तयार नसतो. स्कॉटलंडांतील लॉर्ड लोव्हॅटनें १७४५ च्या बंडांत भाग घेतला. १७४७ त लंडनच्या टॉवरपुढें त्याचें डोकें उडविण्यांत आलें व त्याचा किताब जप्त झाला. त्याच्या कुळांतील मंडळींनीं शंभराहून अधिक वर्षें दाद मागून १८५७ त ती जप्ती उठवून घेतली. मोऱ्यांनींहि असाच प्रयत्न केला, पण त्यांना इतका अवधि मिळाला नाहीं. त्यांतील प्रतापराव मोरे विजापुरास पळाला होता. १६५९ सालीं अफझलखान जावळीच्या रानांत उतरला तेव्हां हा त्याच्याबरोबर वाटाड्या म्हणून आला. जावळी परत मिळेल ही आशा. १० नोव्हेंबरास प्रतापगडाच्या पायथ्याशीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. आपलें वडिलार्जित रान परत घेण्यास आलेल्या माणसाला त्या रानानेंच दगा दिला, कारण तें रान आतां दुसऱ्या धन्याला ओळखूं लागलें होतें.

पुढें १६६५ त मिर्झाराजे जयसिंग दक्षिणेंत उतरला. शिवाजी महाराजांचे सारे दुखावलेले शत्रु आपल्या झेंड्याखालीं गोळा करावेत, ही त्याची पद्धति. त्यानें ज्यांना बोलावणीं धाडलीं त्यांत जावळीच्या मोऱ्यांपैकीं बाजी चंद्रराव व त्याचा भाऊ अंबाजी गोविंदराव हे होते. जावळी जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. तरी मोगलांच्या छावणींत ‘चंद्रराव’ हें नांव अजून चालत होतें. खाली मुठींतलें नाणें; पण वाजवून पाहण्यास कोणी ना कोणी तयार.

आणि त्याच साली, त्याच जयसिंगाच्या फौजेशीं लढतां लढतां पुरंदरावर एक पुरुष पडला, तो महाडचा मुरारबाजी देशपांडे. मुरारबाजी हा मूळचा चंद्ररावाचा चाकर. जावळीच्या लढाईंत तो धन्याच्या बाजूनें महाराजांविरुद्ध हत्यार घेऊन उभा होता. जावळी पडल्यावर महाराजांनीं त्याला दूर केलें नाहीं. आपल्या पदरीं घेतलें. पुरंदरीं दिलेरखानानें त्याचें शौर्य पाहून कौल देऊं केला, तो त्यानें धिक्कारला व लढतां लढतां देह ठेविला. १६६५ सालची ही दोन चित्रें आम्हांस शेजारीं शेजारीं ठेवावींशीं वाटतात. मोऱ्यांचा वारस शिक्का देणारा नवा धनी मिळवावा म्हणून मोगलांच्या तंबूकडे निघालेला, आणि त्या मोऱ्यांचाच जुना देशपांडा त्याच मोगलांशीं किल्ल्याच्या माचीवर झुंजणारा. चंद्ररावाच्या घरांतली खरी पुंजी किताबांत नव्हती. ती मुरारबाजीसारख्या माणसांत होती, आणि ती महाराजांनीं किताबापासून वेगळी काढून उचलली.

किताब मुळींच देऊं नयेत असें महाराजांचें धोरण होतें असें मात्र कोणीं समजूं नये. कुडतोजी गुजरास ‘प्रतापराव’ व हंसाजी मोहित्यास ‘हंबीरराव’ हे किताब त्यांनींच दिले. पण ते त्या त्या माणसाच्या पराक्रमास दिले. त्यांच्याबरोबर मुलूख तोडून दिला नाहीं, आणि अष्टप्रधानांच्या जागाहि बापामागून मुलास आपोआप जाव्यात असें ठेविलें नाहीं. हें पथ्य पुढें शाहू महाराजांच्या कारकीर्दींत सुटलें. पेशवा, प्रतिनिधि, सेनासाहेबसुभा, सेनाखासखेल, सरखेल हीं सारीं पदें घराण्यांचीं झालीं, मुलूख त्यांना चिकटला, आणि महाराष्ट्रांत पुनः लहानमोठे चंद्रराव बसले. त्यांपैकीं कांहींचा निकाल डलहौसीनें लावला; राहिलेल्यांची मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीनें काढून घेतली.

जावळीचा चंद्रराव शेवटचा आश्रय म्हणून ज्या रायरीवर गेला होता, तीच रायरी पुढें रायगड झाली. ६ जून १६७४ रोजीं तिच्या माथ्यावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. सिंहासन आलें, छत्र आलें, मोर्चेलेंहि ढळलीं. ‘तुम्हांला राजेपणा कोणीं दिला’ या मोऱ्याच्या प्रश्नास काशीच्या गागाभट्टांनीं वेदमंत्रांनीं उत्तर दिलें. सनदेची जी उणीव चंद्ररावानें उपहासानें दाखविली होती, ती महाराजांनाहि जाणवत नसावी असें म्हणवत नाहीं. अठरा वर्षांनीं, पुष्कळ खर्च व पुष्कळ विधि करून त्यांनीं ती भरून काढली. फक्त ती भरण्यासाठीं ते कोणा बादशहाच्या दारीं गेले नाहींत.

‘चंद्रराव’ हा शब्द आज कोणत्याहि दप्तरांत पदवी म्हणून उरला नाहीं. पोलादपूर तालुक्यांत ढवळें गांवाच्या माथ्यावर चंद्रगड उभा आहे. तो मोऱ्यांनीं बांधला व नांवहि त्यांच्या किताबावरून पडलें, असें तेथील लोक सांगतात. गडावर तटबंदी फारशी राहिलेली नाहीं. उघड्यावर एक शिवलिंग व त्याच्यासमोर नंदी आहे. गडाच्या बाजूनें जुनी घाटवाट महाबळेश्वराकडे चढते; मोऱ्यांच्या वेळीं तिच्यावर चौकी असे, आतां तिनें पावसाळा सरल्यावर डोंगर हिंडणारी मंडळी जातात.